परका पाहुणा वडिलांच्या नावावर जमीन घेऊन देतो म्हणतोय. घ्यावी का?

वाडीवरचा

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असतो, पण सध्या घरात एका गोष्टीवरून रोज फोनाफोनी चाललीये, म्हणून धागा काढतोय.

गाव गुहागर तालुक्यात. आईबाबा दोघेच तिथे असतात, मी ठाण्याला. मागच्या दोन खोल्या नीट करून पर्यटकांची घरगुती राहण्याजेवणाची सोय केली आहे. तिथे एक गृहस्थ येतात. साठीचे, मुंबईत कसलासा व्यवसाय होता, आता मुलं बघतात म्हणे. पहिल्यांदा कुटुंब घेऊन आले, मग एकटेच दर दोन-तीन महिन्यांनी. बोलायला लाघवी. आईच्या आंबोळ्यांवर खूष, बाबांबरोबर रात्री पडवीत गप्पा. गेल्या पावसात वादळाने बरेच दिवस वीज गेली होती, तर पुढच्या खेपेला गाडीत घालून इन्व्हर्टर आणि बॅटरीच घेऊन आले. वायरमनही त्यांनीच बोलावला. पैसे विचारले तर "मी काय परका आहे का?"

आता मुद्दा. आमच्या गडग्याला लागून २८ गुंठ्यांचा तुकडा आहे. हापूसची तीसेक कलमं, थोड्या काजी. मालक विकायला काढतोय. आमची तेवढी ऐपत नाही. हे काका बाबांना म्हणाले, "पैसे मी देतो, जमीन तुमच्या नावावर घ्या. माझ्याकडून भेट समजा."

बाबा आनंदाने सैरभैर. आई म्हणते, परक्याचं एवढं घेऊ नये. बाबा म्हणतात, तुला माणसं ओळखता येत नाहीत. मी मध्ये. जमीन आमच्याच नावावर होणार असेल तर फसवणूक होऊन होऊन कोणाची होणार? त्यांचीच ना? मला यात आमचं नुकसान दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच जास्त भीती वाटतेय.

सदाशिवपेठी

फुकट ते पौष्टिक हे चहा-वड्यापर्यंत ठीक.

एकच प्रश्न. हे काका शेतकरी आहेत का? म्हणजे महाराष्ट्रात कुठेही त्यांच्या नावाचा सातबारा आहे का? याचं उत्तर आलं की पुढे बोलू.

लिंबूपन्हं

काकांचा नंबर मिळेल का? पडवी आमच्याकडेही आहे. आंबोळ्या शिकून घेईन.

मृण्मयी

मी वेगळं सांगते. माझे वडील कऱ्हाडला शिकायला होते तेव्हा वसतिगृहाचे पैसे एसटी स्टँडवर चोरीला गेले. बाकावर रडत बसलेल्या मुलाला एका कापड व्यापाऱ्याने विचारलं, काय झालं, आणि थेट वसतिगृहात येऊन वर्षाचे पैसे भरले. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, म्हणाले, "पास झालास की पोस्टकार्ड टाक." वडिलांनी दर वर्षी टाकलं. नोकरी लागल्यावर पैसे परत द्यायला गेले तर त्या गृहस्थांनी ते त्यांच्यासमोरच दुसऱ्या एका मुलाच्या नावाने भरले.

अशी माणसं असतात. प्रत्येक देणाऱ्याला चोर ठरवायची घाई नको.

वाडीवरचा

@मृण्मयी, बाबा अगदी हेच म्हणतात.

@सदाशिवपेठी, शेतकरी नाहीत. मूळ मुंबईचेच, गावी काही नाही. एक सांगायचं राहिलं. बाबांचं वय झालंय, तलाठी, तहसील, निबंधक अशा खेपा त्यांना झेपणार नाहीत, म्हणून ती दगदग आपल्यावर घेतो असं काका म्हणाले. त्यासाठी बाबांनी त्यांना एक कुलमुखत्यारपत्र (बाबांच्या वतीने सह्या आणि व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) करून द्यायचं.

सदाशिवपेठी

आलं. लग्नाच्या पत्रिकेत खाली बारीक अक्षरात 'आहेर आणू नये' लिहितात, तसं हे खाली बारीक अक्षरात आलं.

दस्तवाले

मी वकील नाही. दुय्यम निबंधक कार्यालयासमोर टेबल टाकून बरीच वर्षं दस्त लिहितो, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा आहे. जरा विस्ताराने लिहितो.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला माणूस शेतकरी लागतो. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कुळकायदा लागतो, त्याचं कलम ६३. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकताही येत नाही आणि बक्षीसही देता येत नाही. तसा व्यवहार झालाच तर कलम ८४क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणजे तुमच्या काकांना ही बाग स्वतःच्या नावावर घेताच येत नाही. तुमचे बाबा खातेदार शेतकरी, त्यांना येते. इथपर्यंत लक्षात आलं?

पुढचे कागद सहसा एका फायलीत येतात. पहिला, खरेदीखत, बाबांच्या नावाने. दुसरा, कुलमुखत्यारपत्र. त्यात 'विक्री करणे, गहाण ठेवणे, विकसित करणे, मोबदला स्वीकारणे' असं सगळं असतं आणि शेवटी 'अपरिवर्तनीय' हा शब्द. तिसरा, पाचशेच्या स्टँपवर एक साधा करार, नोंदणी न केलेला, की पैसे अमक्याने दिले असून जमिनीवर माझा हक्क नाही. हा कागद घरी कपाटात राहतो. आणि चौथा, बाबांचं मृत्युपत्र. कारण साधं कुलमुखत्यारपत्र देणारा गेला की संपतं, मग मुलं उभी राहतात. म्हणजे तुम्ही. तुमचा बंदोबस्त चौथ्या कागदात केलेला असतो.

पहिला कागद सगळ्यांना दाखवतात, मिरवतात. बाकीच्यांची वाच्यता होत नाही. काकांना विचारा, एकूण कागद किती?

खरी भेट कशी असते तेही सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या कलम १२२ प्रमाणे बक्षीस म्हणजे स्वखुशीने, कसलाही मोबदला न घेता दिलेलं, आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेलं. स्वीकारणं हा त्यातला भाग आहे, घेणारा नाही म्हणाला तर भेट झालीच नाही. स्थावर असेल तर नोंदणी आणि किमान दोन साक्षीदार. आणि एकदा दिलं की दिलं. देणाऱ्याला लहर आली म्हणून परत घेता येत नाही. तुमच्या काकांच्या बेतात हे शेवटचं कुठे बसतं?

वऱ्हाडी ठेचा

दस्तवाले भाऊ, बरोबर बोलले. आमच्या विदर्भात कायदा वेगळा हाये, १९५८ चा, तिथं हेच कलम ८९ मधी येते. पण खेळ तोच.

आमच्या काकाजीच्या नावावर एका कंत्राटदारानं असंच दोन एकर घेतलं होतं. काकाजी खुश, गावात मान वाढला. मंग त्या मुखत्याराच्या कागदावर त्यानं जमीन गहाण टाकून कर्ज उचललं. सातबाऱ्यावर बोजा चढला काकाजीच्या नावानं. कंत्राटदार गेला दुसऱ्या जिल्ह्यात. वसुलीची नोटीस काकाजीच्या दारावर. ज्या माणसानं जिंदगीत सोसायटीचं कर्ज एक हप्ता थकवलं नाही, त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलं. जमीन गेली त्याचं काकाजीला काही वाटलं नाही, ते तर त्याची नव्हतीच. बोर्डाचं लय लागलं मनाला.

कडकनाथ

मी उलटं सांगू? घ्या. बेनामी कायद्याचं कलम ४ वाचा. ज्याने पैसे दिले तो खरा मालक 'ही जमीन माझी, मला परत द्या' असा दावाच लावू शकत नाही. चार कागदांची त्याला पुंगळी करू दे. सही करून टाका, जमीन तुमची, कलमं तुमची, आंबे आम्हाला पाठवा.

सीएताई

@कडकनाथ, कलम ४ बरोबर वाचलंत, पुढची पानं चिकटली असावीत.

बेनामी व्यवहारांचा कायदा १९८८ चा. २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू आहे. एखाद्या कायद्याला बगल देण्यासाठी बेनामी व्यवहार केला तर शिक्षा पैसे देणाऱ्याला आहेच, ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाही आहे, आणि मध्यस्थालाही. एक ते सात वर्षं सक्तमजुरी, वर बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. जमीन सरकारजमा होते ती वेगळीच. आणि इथे बगल कोणत्या कायद्याला द्यायची आहे हे दस्तवाल्यांनी वर सांगितलंच आहे. बाबांचं वय बघता हा विनोदाचा विषय नाही.

पण एक बारकावा, कारण मृण्मयी यांचा मुद्दा मला खोडून टाकायचा नाही. नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याचे, एवढ्यावर बेनामी ठरत नाही. पैसे देणाऱ्याच्या आजच्या किंवा पुढच्या, थेट किंवा आडवळणाच्या फायद्यासाठी जमीन ठेवली असेल तर ती बेनामी. काकांना खरंच काहीच नको असेल, ना मुखत्यारपत्र, ना मृत्युपत्र, तर ती भेट आहे आणि द्यायला कायद्याने आडकाठी नाही.

मग उरतो कर. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त पैसे भेट मिळाले तर सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. नुसती वरची नाही, पूर्ण. लग्नातला आहेर, वारसा, मृत्युपत्राने मिळालेलं याला सूट आहे. 'मी घरचाच' म्हणणाऱ्याला नाही, कारण आयकर खात्याची नातेवाइकांची यादी ठरलेली आहे आणि तिच्यात पडवीत गप्पा मारणारे बसत नाहीत. मालकाला पैसे काकांनी परस्पर दिले तरी उद्या प्रश्न बाबांनाच येईल, की खरेदीखतात तुम्ही दिले म्हटलेले पैसे कुठून आणले? आणि रोखीत द्यायचं मनात असेल तर तेही नाही, स्थावराच्या व्यवहारात २० हजार आणि त्यावर रोख स्वीकारता येत नाही.

त्यामुळे काका खरंच दाते असतील तर त्यांना म्हणावं, कराचे पैसेही घाला. चेहऱ्याकडे बघा.

लिंबूपन्हं

कराचे पैसे घालणारा दाता भेटला तर त्याचाही नंबर पाठवा.

जर्सीतला जोशी

मी लांब बसून बोलतोय, रागावू नका. सगळे जमिनीवर बोलताय. मला तुमच्या पोस्टमधलं दुसरंच वाक्य खटकलं. 'आईबाबा दोघेच तिथे असतात.' माझेही असेच होते, चिपळूणला. त्यांच्याकडे एक विमा एजंट यायचा, दर आठवड्याला, चहाला. वडिलांनी त्याच्याकडून काय काय घेतलं ते ते गेल्यावर फाइल उघडली तेव्हा कळलं. तो फसवत होता असंही नाही, पॉलिसी सगळ्या खऱ्या होत्या. वडिलांना पॉलिसी नको होत्या, गुरुवारी संध्याकाळी कोणीतरी यायला हवं होतं.

तुमच्या बाबांना २८ गुंठे हवेत की पडवीतला माणूस? नाही म्हणायचं ठरलंच तर हे आधी तपासा. नाहीतर तुम्ही कलमं वाचून दाखवाल आणि त्यांना ऐकू येईल की माझा एकुलता मित्र खोटा आहे.

वाडीवरचा

@जर्सीतला जोशी, हे लागलं. पण बरोबर आहे.

पोथीवाला

महाभारतातल्या शस्त्रस्पर्धेच्या रंगणात कर्ण आला, अर्जुनाशी झुंजायला. कृपाचार्यांनी कुळ विचारलं, मान खाली गेली. तेव्हा दुर्योधन उठला आणि उभ्या उभ्या अंगदेशाचं राज्य दिलं. कर्णाने विचारलं, बदल्यात काय देऊ? दुर्योधन म्हणाला, फक्त तुझी मैत्री. त्या मैत्रीची वसुली कुरुक्षेत्रापर्यंत चालू होती.

गीतेतही सात्त्विक दान कोणतं म्हटलंय, तर जो परतफेड करू शकत नाही त्याला, द्यायलाच हवं म्हणून दिलेलं. आता बघा, तुमचे बाबा परतफेड करू शकतात. त्यांच्याकडे असं काहीतरी आहे जे काकांना कोट्यवधी खर्चूनही मिळत नाही, शेतकरी असल्याचा दाखला.

मृण्मयी

@पोथीवाला, शेवटचं वाक्य पटलं. पण मग विनोबांच्या भूदानाचं काय? १८ एप्रिल १९५१, पोचमपल्ली. भूमिहीनांनी ८० एकर मागितली, रामचंद्र रेड्डी उठले आणि म्हणाले मी १०० देतो. देणारा आणि घेणारे यांच्यात सौदा नव्हता. जमीन कोणी कोणाला अशीच देत नाही हे तितकंसं खरं नाही.

दस्तवाले

@मृण्मयी, भूदानाचा मला आदर आहे, पण दोन गोष्टी. एक, भूदानातल्या काही जमिनी नंतर खडकाळ निघाल्या, काही भाऊबंदकीतल्या, दावे चालू असलेल्या. दानाच्या जमिनीचाही सातबारा बघावाच लागतो. दुसरी जास्त महत्त्वाची. पोचमपल्लीत ते सगळ्या गावासमोर बोलले गेलं. भर सभेत उठून दिलं. इथे काकांनी गावात कोणाला सांगितलंय का?

अवांतर: @वाडीवरचा, त्या तुकड्याचा सातबारा काढलात का? 'इतर हक्क'मध्ये काय आहे? कोकणात तिथे हमखास काहीतरी असतं.

वाडीवरचा

काढला. ऑनलाइन, डिजिटल सहीचा. इतर हक्कात 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असं आहे. आणि खातेदारांत मालकाबरोबर त्याच्या दोन बहिणींची नावं आहेत, त्यातली एक वारली म्हणतात. बोजा नाही.

काकांना मी स्वतः फोन केला. नीट, आदराने बोललो. म्हटलं, काका, तुमचे उपकार आहेत, बाबांना भेटच द्यायची तर कुलमुखत्यारपत्र कशाला, आम्ही खेपा घालू, मी रजा टाकून येईन. ते हसले. "अरे, ते फक्त सोयीसाठी. तुझ्या बाबांना त्रास नको." मी म्हटलं, मग सोय नकोच. थोडं थांबून म्हणाले, "निदान एक साधा कागद तरी असू दे, उद्या माझ्या मुलांनी विचारलं तर." आणि फोन ठेवताना म्हणाले, गावात आत्ताच बोभाटा नको, लोक जळतात.

मी वर 'भेट' लिहिलं तेव्हा काय समजत होतो कोण जाणे. तरी बाबा अजूनही म्हणतात, कागद मागितला म्हणून माणूस वाईट होत नाही, पैसे त्याचे आहेत.

दस्तवाले

बाबांचं वाक्य चुकीचं नाही. पैसे त्यांचे असतील तर कागद त्यांनी मागावाच. पण मग त्याला भेट म्हणू नये.

कलम ४३ म्हणजे ही जमीन मूळ मालकाच्या कुळाने (त्याची जमीन कसणाऱ्याने) कुळकायद्याने विकत घेतलेली आहे. पूर्वी अशी जमीन विकायला परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कुळाच्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरून विकता येते, पण घेणारा शेतकरीच हवा. म्हणजे इथेही तुमच्या बाबांचंच नाव लागणार. वारलेल्या बहिणीच्या वारसांची नोंद झाल्याशिवाय खरेदीखताला हात लावू नका. भेट असो की सौदा.

आणि काकांना कोकणात घर हवं असेल, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. बिगरशेती झालेला प्लॉट कोणीही सरळ स्वतःच्या नावावर घेऊ शकतो. थोडा महाग पडतो. तो फरक वाचवण्यासाठी तुमच्या बाबांचा सातबारा भाड्याने घेतायत, आणि भाडं म्हणून एक इन्व्हर्टर.

खाडीपलीकडे

मी दाभोळ बाजूचा, अलीकडे तुमच्या भागात सासुरवाडी. रेवस-रेड्डी सागरी मार्गाचं काम आणि खाड्यांवरच्या पुलांचं बोलणं सुरू झाल्यापासून आमच्याकडे असे 'प्रेमळ' पाहुणे फार वाढलेत हो. तवसाळ-जयगडला आता फेरीबोटीने जातो, तिथे पूल झाला की सगळंच जवळ. राजापुरात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी काय झालं ते विसरलात काय? प्रकल्पाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, पण त्याआधी बाहेरच्यांनी किती जमिनी उचलल्या याची चर्चा राज्यभर झाली.

आणि खरं सांगू? आमच्या सासऱ्यांच्या शेजारी असेच एक काका येतात. फार गोड बोलतात. त्यांनी फ्रीज दिलाय.

वाडीवरचा

@खाडीपलीकडे, साठीचे? एकटेच येतात? गाडी कोणती?

संपादक मंडळ

कृपया कोणाची ओळख पटेल असा तपशील जाहीर धाग्यात नको. गाडीचा नंबर टाकलेला प्रतिसाद उडवला आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) वापरा.

लिंबूपन्हं

फ्रीज की इन्व्हर्टर असा पर्याय देतात का? आमच्याकडे वीज जात नाही.

सदाशिवपेठी

व्यनिचा निकाल इथे कळवा. नाहीतर आम्ही रात्री जागे.

वाडीवरचा

नक्की सांगता येत नाही. वर्णन जुळतं, पण साठीच्या गोड बोलणाऱ्या माणसाचं वर्णन कोणाशीही जुळेल. फोटो मागितला नाही, ते मला बरं वाटलं नाही. एवढं मात्र कळलं की आमच्याच वाडीत आणखी एका घरी त्यांनी आठ-अ चा (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा) उतारा मागितला होता, 'सहज बघायला'. ते घर आमच्याशी बोलत नाही (पाण्याच्या पाटावरून, जुनं आहे), म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं.

कडकनाथ

शब्द मागे. आंबे नकोत.

मृण्मयी

मग आता नाही म्हणायचं कसं, ते बघा. पोलीस, वकील, कलम असं काही तोंडातून काढू नका. तुमच्या हातात अजून काही घडलेलं नाही, आणि ते गृहस्थ उद्या म्हणतील मी तर फक्त विचारलं होतं. आईला पुढे करा. 'आमच्याकडे परक्याची जमीन घेत नाहीत' एवढं आईने म्हटलं की त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. बाबांचाही मान राहतो.

जर्सीतला जोशी

मला उलट वाटतं. बाबांनाच म्हणू द्या. आईने मोडता घातला असं झालं तर बाबा जन्मभर त्या २८ गुंठ्यांकडे बघून उसासे टाकतील.

वऱ्हाडी ठेचा

गावासमोर आणा. काही मिटिंग-गिटिंग असेल तर तिथं बोलवा. खरा दाता असेल तर हार घालून सत्कार करा त्याचा. नसेल तर येणारच नाही.

सदाशिवपेठी

ठेचा यांना माझ्याकडून सुधारस.

वाडीवरचा

उशीर झाला लिहायला. शनिवार-रविवार गावाला जाऊन आलो. काकाही आले होते.

बाबांना मी कलमं वाचून दाखवली नाहीत. दस्तवाल्यांचा चार कागदांचा प्रतिसाद छापून नेला होता, तो न बोलता दिला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "चौथा कागद तुझ्यासाठी आहे होय." मग काही बोलले नाहीत.

रात्री पडवीत त्यांनीच विषय काढला. मी आत होतो, ऐकत होतो. म्हणाले, "तुम्ही एवढं देताय तर असं गुपचूप कशाला? शिमग्याची बैठक आहे, गावकी जमेल, मानकरी असतील. तिथे सांगतो, की या माणसाने मला बाग घेऊन दिली. नारळ देऊ तुम्हाला देवळात. कागद एकच करू, तोही गावासमोर."

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मला मोठेपणा नको. बाबा म्हणाले, मग मलाही जमीन नको.

भांडण अजिबात झालं नाही. सकाळी घावन खाऊन गेले. जाताना खोलीचं आणि जेवणाचं बिल मागितलं, इतके दिवस बाबा घेत नव्हते, या वेळी घेतलं. आई म्हणते परत येणार नाहीत. बाबा म्हणतात येतील. मला विचाराल तर त्यांनी आम्हाला बुडवायचं ठरवलं होतं असं अजूनही वाटत नाही. त्यांना बाग हवी होती, आणि आमच्या नावाखेरीज ती मिळत नव्हती.

बागेचं म्हणाल तर बाबांनी मालकाकडून तीस कलमं या हंगामापुरती कराराने घेतलीत. पैसे त्यांनी त्यांच्या मुदतठेवीतून काढले. मोहोर बरा आहे म्हणतात. फवारणीचा खर्च मी देतो म्हटलं, तर ऐकलं नाही.

दस्तवाले

कराराचा कागद केलात ना? तोंडी ठेवू नका.

वाडीवरचा

केला. मालकाची आणि हयात असलेल्या बहिणीची सही घेतली. वारलेल्या बहिणीच्या मुलाचीही घेतलीये, तो चिपळूणला असतो.

सीएताई

छान. आता इन्व्हर्टरचं काय केलंत?

वाडीवरचा

तोच घोळ आहे. बाबांनी चौकशी करून किंमत काढली आणि काकांच्या खात्यावर पैसे पाठवले. दोन दिवसांनी परत आले. पुन्हा पाठवले. पुन्हा परत.

सदाशिवपेठी

इन्व्हर्टर परत पाठवा. कुरिअरने.

मृण्मयी

अहो, तो त्यांनी पावसाळ्यात, जमिनीचं बोलणं निघायच्या आधी दिला होता. तो परत करणं म्हणजे त्यांना चोर म्हणणं. राहू द्या घरात.

कडकनाथ

आणि बॅटरीचं पाणी कोण घालणार? भेट सांभाळायचा खर्चही असतोच.

सीएताई

५० हजारांच्या आत आहे ना, राहू द्या. कर नाही.

वाडीवरचा

काल तिसऱ्यांदा पाठवले. अजून परत आलेले नाहीत. बाबा तासातासाने पासबुकाचं ॲप उघडून बघतायत.

लिंबूपन्हं

परत आले तर माझ्या खात्यावर वळते करा. मी अजिबात परत पाठवणार नाही, हा माझा शब्द.